डेकखाली वाकून पाहा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात उन्हाळा थोडे दिवस राहायला आलेल्या पाहुण्यासारखा असतो. एप्रिलपर्यंत कधीही बर्फ पडू शकतो आणि ऑक्टोबरात परत स्वेटर निघतात. मधले चार महिने माणसं घरात बसायला तयार नसतात. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. तोवर प्रत्येक घरामागून मक्याची कणसं भाजल्याचा वास येतो आणि हसण्याबोलण्याचे आवाज ऐकू येतात. हे सगळं चालतं ते डेकवर.

डेक म्हणजे घराच्या मागच्या दाराबाहेरचा, जमिनीपासून उचललेला लाकडी ओटा. आपल्याकडे पडवीत किंवा ओट्यावर जे चालतं, तेच इथे चालतं. सकाळचा चहा, पोरांचा गोंधळ, शेजाऱ्यांशी गप्पा, रात्री जेवणानंतरची बैठक. फरक एवढाच, की आपला ओटा रस्त्याकडे तोंड करून असतो आणि यांचा डेक मागच्या बागेकडे. जुन्या अमेरिकन घरांनाही पुढे पोर्च असायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली, घरोघरी गाडी आणि एअर कंडिशनर आला, तसं घरचं बाहेर बसणं पुढच्या अंगणातून मागच्या अंगणात गेलं.

माझी मोठी बहीण मिनियापोलिसजवळच्या मेपल ग्रोव्ह या उपनगरात राहते. मिनेसोटातलं मोठं हिंदू मंदिर याच गावात आहे, त्यामुळे गणपतीत आणि दिवाळीत मराठी माणसं हमखास भेटतात. मी तिच्याकडे एक उन्हाळा राहिले. त्या उन्हाळ्यात मी फिरले थोडं आणि डेकबद्दल शिकले जास्त. कारण ताईच्या घराचा डेक आधीच्या मालकाने स्वतःच्या हाताने बांधलेला होता.

सुट्टीच्या दिवसांतले सुतार

अमेरिकेत मजुरी फार महाग. त्यामुळे भिंत रंगवणं, नळ बदलणं, कुंपण घालणं ही कामं माणसं शनिवार-रविवारी स्वतः करतात. होम डेपो किंवा मेनार्ड्ससारख्या दुकानांत गेलात तर एखाद्या कारखान्यात शिरल्यासारखं वाटतं. लाकडाच्या उंच थप्प्या, सिमेंटच्या गोणी, खिळ्यांचे शंभर प्रकार. आजोबा नातवाला घेऊन फळ्या निवडत असतात. प्रत्येक फळी डोळ्यासमोर धरून तिचा बाक बघतात.

यात नवख्याची पहिली फसगत मापातच होते. 'दोन बाय चार' नावाची पट्टी प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असते. नाव कापलेल्या ओल्या लाकडाचं, माप रंधा मारून वाळलेल्या लाकडाचं. नावावर भरवसा ठेवून कागदावर आराखडा काढला की कुठेच काही जुळत नाही.

पण ही चूक कळते तरी. ती पहिल्याच दिवशी समोर येते आणि सुधारते. डेकच्या खऱ्या चुका वेगळ्या. त्या बांधणाऱ्याला दिसत नाहीत, वर बसणाऱ्यालाही दिसत नाहीत. डेक पाच वर्षं, दहा वर्षं, पंधरा वर्षं छान दिसतो. मग एखाद्या दिवशी त्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं उभी राहतात.

पार्टी आली, डेक तपासला

माझी भाची त्या वर्षी बारावी पास झाली होती. मिनेसोटात अशा वेळी 'ओपन हाउस' ठेवायची पद्धत आहे. दुपारभर घर उघडं, शेजारी, मित्र, शिक्षक येऊन जातात. ताईने साठेक जणांना बोलावलं होतं. बटाटेवड्यांचं सारण किती लागेल याचा हिशोब सुरू होता.

शेजारचे गृहस्थ निवृत्त बांधकाम कारागीर. ते खुर्च्या द्यायला आले आणि सहज म्हणाले, "एवढी माणसं डेकवर उभी करणार, तर आधी खाली वाकून पाहिलंय का?"

भावोजी आणि ते टॉर्च घेऊन डेकखाली गेले. मीही गेले. जमिनीपासून आठ फूट उंचीचा डेक होता. वरून नवा रंग दिलेला, कठड्यावर फुलांच्या कुंड्या. खाली मात्र घराच्या भिंतीला लागून जी आडवी जाड फळी होती, तिच्यावर एकही बोल्ट नव्हता. फक्त खिळे. शेजाऱ्यांनी स्क्रूड्रायव्हर काढून त्या फळीच्या वरच्या कडेला टेकवला आणि जरा दाबला. तो लोण्यात शिरावा तसा आत गेला.

पार्टी ठरल्या दिवशीच झाली, पण हिरवळीवर आणि गॅरेजमध्ये. डेकच्या दाराला भावोजींनी चिकटपट्टी लावून टाकली. ताई थोडी हिरमुसली, भाचीला मात्र गॅरेजच जास्त आवडलं. जुलैमध्ये तो डेक उतरवून नवा बांधायचं ठरलं. उतरवताना एकेक जोड उघडा पडत गेला आणि घरी डेक बांधणारे कुठे चुकतात याची यादीच समोर मांडली गेली.

भिंतीला धरणारी फळी

भिंतीला लागून असलेल्या त्या फळीला लेजर म्हणतात. डेकची घराकडची बाजू या एका फळीवर टेकलेली असते, बाहेरची बाजू खांबांवर. म्हणजे जवळजवळ निम्मं वजन लेजर पेलतं.

वजन किती, याचा हिशोब करून पाहा. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे डेकने स्वतःच्या वजनाशिवाय दर चौरस फुटाला ४० पौंड भार पेलला पाहिजे. ताईचा डेक बारा फूट बाय सोळा फूट, म्हणजे १९२ चौरस फूट. ४० ने गुणा. ७,६८० पौंड, म्हणजे साधारण साडेतीन हजार किलो. पन्नास मोठी माणसं एकदम उभी राहिली तर एवढं वजन सहज होतं. यातलं निम्मं खिळ्यांवर!

खिळा ठोकला तेव्हा घट्ट असतो. पण लाकूड पावसाळी हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. दर ऋतूला खिळा किंचित सैल होतो. त्यात माणसं नाचली, कठड्याकडे सरकली, की फळी भिंतीपासून बाहेर ओढली जाते आणि खिळा सरळ निसटतो. म्हणून लेजर अर्ध्या इंच जाडीच्या बोल्टने किंवा जाड लॅग स्क्रूने, वर-खाली आलटून पालटून, घराच्या मूळ चौकटीत बसवायचा असतो. घराच्या बाहेरून लावलेल्या व्हिनाइलच्या आवरणावरच फळी ठोकली तर तिला धरायला खरं काही मिळतच नाही. आवरण आधी कापून काढावं लागतं. हा एक दिवसाचा कंटाळवाणा उद्योग. तोच बरेच जण टाळतात.

पाणी कुठे थांबतं ते पाहा

आता तो स्क्रूड्रायव्हर लोण्यासारखा का शिरला? कारण लेजर आणि भिंत यांच्यामधल्या फटीत वीस वर्षं पाणी मुरत होतं. पावसाचं, वितळणाऱ्या बर्फाचं, ताईच्या आधीच्या मालकाने घातलेल्या कुंड्यांचं. तिथे ऊन नाही, वारा नाही. लाकूड कुजायला याहून चांगली जागा नाही.

यावर उपाय म्हणजे पत्र्याची मोडलेली पट्टी. भिंतीच्या आवरणाखालून निघून लेजरच्या डोक्यावरून खाली वळलेली. तिला फ्लॅशिंग म्हणतात. कोकणातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. भिंतीला छप्पर जिथे भिडतं तिथे पन्हळ नीट नसेल तर पहिल्याच पावसात काय होतं, ते त्याला ठाऊक असतं. पट्टी काही डॉलरची असते. ती नसली की आतली चौकटही कुजते आणि मग खर्च फक्त डेकचा राहत नाही, घराचा होतो.

पाणी किती घात करतं हे अमेरिकेने २०१५ साली पाहिलं. १६ जूनच्या रात्री कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात एका इमारतीची बाल्कनी वाढदिवसाच्या पार्टीत तुटली. सहा तरुण मुलं गेली, त्यातली पाच आयर्लंडहून उन्हाळ्यापुरती आलेली. इमारत जेमतेम काही वर्षांची होती. तपासात दिसलं, की बाल्कनीच्या कड्या भिंतीजवळ पाण्याने कुजल्या होत्या. ती काही घरी बांधलेली नव्हती, पण दुखणं तेच. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१८ आणि २०१९ मध्ये कायदे करून अनेक घरांच्या इमारतींत अशा बाहेर काढलेल्या बांधकामांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली.

जमीन खांबाला वर ढकलते

मिनेसोटाची जमीन हिवाळ्यात कित्येक फूट खोलवर गोठते. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो, साधारण नऊ टक्क्यांनी. शिवाय गोठणारी माती खालचं पाणी वर ओढून घेते आणि बर्फाचे थरावर थर चढवते. त्यावर जे काही ठेवलेलं असेल ते वर उचललं जातं. घर असो की खांब, जमिनीला पर्वा नसते.

म्हणून खांबाचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली गेला पाहिजे. मेपल ग्रोव्हसकट दक्षिण मिनेसोटात ही खोली ४२ इंच धरतात, राज्याच्या उत्तरेकडे ६० इंच. आधीच्या मालकाने मात्र दुकानात मिळणारे तयार काँक्रीटचे ठोकळे जमिनीवर मांडून त्यावर खांब उभे केले होते. ताई म्हणाली, "दर मार्चमध्ये हा कोपरा उचललेला दिसायचा. मे महिन्यात परत खाली बसायचा. आम्हाला वाटायचं, लाकूड आहे, चालायचंच."

तेच चालायचं नसतं. डेकची बाहेरची बाजू दर वर्षी वर-खाली होत होती आणि घराकडची बाजू भिंतीला धरून जागच्या जागी होती. म्हणजे दर हिवाळ्यात कुणीतरी पहार घालून लेजरचे खिळे थोडे थोडे उचकटत होतं! खिळे, पाणी आणि बर्फ, तीन वेगळ्या चुका. पण वीस वर्षं त्या एकमेकींना मदत करत होत्या.

नव्या डेकसाठी भावोजींनी भाड्याने यंत्र आणून खड्डे पाडले. गावाचा इन्स्पेक्टर काँक्रीट ओतायच्या आधी आला. त्याने प्रत्येक खड्ड्यात टेप सोडली. तीन खड्डे बरोबर, चौथा ३८ इंच. "आणखी चार इंच," एवढंच म्हणून तो गेला. भावोजींनी तळाचा दगड फोडण्यात अख्खी दुपार घालवली. संध्याकाळी ते म्हणाले, "हा माणूस आला नसता तर मी ३८ वरच काँक्रीट ओतलं असतं, आणि मला ते कधीच कळलं नसतं."

काँक्रीट भरलं तरी खांब त्यात पुरायचा नसतो. पुरला की बुडाशी पाणी साचून तो आतून कुजतो. काँक्रीटवर धातूची बैठक बसवून खांब तिच्यावर उभा करतात, म्हणजे लाकूड ओल्यापासून सुटं राहतं. मला आपले वाडे आठवले. वाड्यातला लाकडी खांबही जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभा करत. हवामान वेगळं, देश वेगळा, पण लाकडाची गरज तीच.

खणण्याआधी एक फोन

खड्डे पाडायच्या आधी आणखी एक गोष्ट घडली. ताईच्या हिरवळीवर एका सकाळी रंगीत झेंड्या उगवल्या. अमेरिकेत कुठेही खणायचं असेल तर आधी ८११ या नंबरवर कळवायचं असतं. फुकट सेवा आहे. काही दिवसांत माणसं येतात आणि जमिनीखाली काय कुठून जातं त्याच्या खुणा करतात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, नारिंगी फोन आणि केबल, हिरवा सांडपाणी. भावोजींनी ठरवलेल्या एका खड्ड्यापासून पिवळी झेंडी दोन पावलांवर होती. खड्ड्याची जागा बदलली. फोन केला नसता तर यंत्र गॅसच्या नळीच्या किती जवळ गेलं असतं, हा विचार कुणी मोठ्याने बोललं नाही.

लाकूड, लोखंड आणि लहान मुलाचं डोकं

डेकचं लाकूड औषध मुरवलेलं असतं, कीड आणि बुरशी लागू नये म्हणून. पूर्वी या औषधात आर्सेनिक असायचं. २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बंद झालं आणि त्या जागी तांब्याचं प्रमाण जास्त असलेली औषधं आली. तांबं साध्या लोखंडाला लवकर खातं. घरात पडलेले जुने स्क्रू वापरले की काही वर्षांत त्यांची मान तुटते. त्यामुळे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच खिळे, बोल्ट आणि लोखंडी पाळणे लागतात. पाळणे म्हणजे ज्यात फळ्यांखालच्या आडव्या कड्या बसतात त्या पट्ट्या. त्या पट्टीला जेवढी भोकं असतात तेवढी सगळी, त्यासाठीच बनवलेल्या खिळ्यांनी भरायची असतात. एकाआड एक भरून काम उरकणाऱ्यांची संख्या कमी नाही.

औषध मुरवलेली नवी फळी बहुतेक वेळा ओली असते. ती जवळजवळ चिकटवूनच लावतात, वाळली की आपोआप फट पडते. ओली फळी पाव इंच सोडून लावली तर वर्षभरात खुर्चीचा पाय आणि मुलाचं बोट अडकेल एवढी फट होते.

कठड्याचा नियम मला फार आवडला. जमिनीपासून ३० इंचांहून उंच डेकला निदान ३६ इंच उंचीचा कठडा हवा आणि दोन गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये. तो चेंडू म्हणजे लहान मुलाचं डोकं. कठड्याचा खांबही नुसता कडेला खिळ्यांनी ठोकून चालत नाही. कुणी जोरात रेलल्यावर २०० पौंडांचा जोर सहन होईल असा तो बोल्टने आवळावा लागतो. पायऱ्यांची उंची पावणेआठ इंचांपेक्षा जास्त नको, आणि सगळ्यात उंच व सगळ्यात बुटकी पायरी यांत पाव-अर्ध्या इंचाच्या मध्ये, म्हणजे तीन अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक नको. पाय डोळ्यांना न विचारता पायरी मोजत असतो. एक पायरी वेगळी निघाली की माणूस पडतो, विशेषतः वयस्क माणूस.

परवाना म्हणजे दुसरा डोळा

घरी डेक बांधणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक मात्र लाकडातली नाही, कागदातली आहे. परवाना न काढणं. 'माझं घर, माझी बाग, गावाला काय विचारायचं?' असं वाटतं. पैसे लागतात, आराखडा द्यावा लागतो, इन्स्पेक्टर खड्डे, सांगाडा आणि शेवटी पूर्ण काम बघायला येतो.

२९ जून २००३ ला शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका तीन मजली इमारतीचा मागचा लाकडी पोर्च पार्टी चालू असताना कोसळला. वरचा मजला खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर. तेरा तरुण-तरुणी गेल्या. तो पोर्च १९९८ मध्ये परवान्याशिवाय बांधलेला होता आणि नियमापेक्षा मोठा होता. पाच वर्षं तो उभा होता. पाच वर्षं त्यावर माणसं बसली, हसली. म्हणून तो मजबूत होता असं कुणालाही वाटलं असतं.

हीच या बांधकामाची फसवी बाजू. भात कच्चा राहिला तर पहिल्या घासाला कळतं. डेक कच्चा राहिला तर तो रोज दोन माणसांना पेलून खोटा धीर देत राहतो. बांधणाऱ्याची मेहनत, प्रेम, हौस, सगळं खरं असतं. फक्त आपल्या कामाकडे परक्याच्या डोळ्यांनी बघायला त्याच्याकडे कुणी नसतं. परवान्याचे पैसे त्या दुसऱ्या डोळ्यासाठी असतात.

तुम्ही जाल तेव्हा

दर उन्हाळ्यात आपल्याकडचे कितीतरी आईबाबा मुलांकडे अमेरिकेला जातात. तुम्हीही गेलात आणि डेकवर मोठं जेवण ठरलं, तर आदल्या दिवशी दहा मिनिटं काढा.

• डेकखाली जा. भिंतीला लागलेल्या फळीवर बोल्टची डोकी दिसतात का पाहा. नुसते खिळे असतील तर माणसं गवतावर बसवा.
• त्या फळीच्या वरच्या कडेला आणि खांबांच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. लाकूड दबलं तर ते कुजलंय.
• लोखंडावर लाल गंज आहे का, पाळण्यांत रिकामी भोकं आहेत का, बघा.
• कठडा दोन्ही हातांनी हलवा. तो हलता कामा नये.
• खांब सरळ उभे आहेत का, एखादा कोपरा उचललेला आहे का, लांब उभं राहून बघा.

यातलं काही खटकलं तर संकोच करू नका. मुलाला, जावयाला सांगा. अमेरिकेत मे महिना डेकच्या सुरक्षिततेसाठी पाळतात, तो याचसाठी. बर्फ वितळलेला असतो आणि पाहुणे यायचे असतात.

आणि भारतात लोणावळ्याला, कोकणात, कुर्गमध्ये किंवा हिमाचलात होमस्टे आणि फार्महाउसला असे लाकडी डेक दरीच्या कडेवर बांधायची हौस आता वाढली आहे. कोकणात जमीन गोठत नाही, पण चार महिने पाऊस कोसळतो आणि वाळवी बाराही महिने जागी असते. हिमाचलात दोन्हीची तयारी ठेवावी लागते. फोटो काढायला सगळे एकदम कठड्याकडे धावतात, तेव्हा सगळं वजन एका कडेवर येतं. मालकाला एवढंच विचारा, "हे कशाला धरून उभं आहे?" ज्याने नीट बांधलं आहे तो आनंदाने खाली नेऊन दाखवेल.

ताईचा नवा डेक ऑगस्टमध्ये पूर्ण झाला. शेवटच्या तपासणीला इन्स्पेक्टरने वरच्या गुळगुळीत फळ्यांकडे पाहिलंही नाही. तो आला, वाकला आणि थेट खाली शिरला.